भाताच्या संशोधनाचे पुढील प्रश्न आणि वाशिंदचे खाचर

वनस्पतिशास्त्राने येत्या काळात कोणत्या प्रश्नांना अग्रक्रम द्यावा, ह्याची चर्चा जगात अनेक ठिकाणी चालू आहे. २०११ साली ब्रिटनमधील ब्रिस्टल विद्यापीठातील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने अशा शंभर प्रश्नांची यादी 'न्यू फायटॉलॉजिस्ट' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे तशीच दुसरी यादी निघाली. त्या खेपेस निरनिराळ्या खंडांतील शास्त्रज्ञ त्या कामी एकत्र आले होते. अशा याद्या उपयुक्त असतात ह्यात शंका नाही. परंतु शहापूर तालुक्यातील वाशिंदच्या शेतकऱ्याने ही यादी वाचावयास घेतली, तर आपल्या खाचरातील अडचण तीत कोठे बसते हे त्यास सहजासहजी सापडणार नाही. तो दोष यादीचा नव्हे. खाचरातील अडचण आणि प्रयोगशाळेतील प्रश्न ह्यांच्यामध्ये एक पायरी असते, व ती शेतकरी आणि विस्तार कार्यकर्ते ह्यांनी मिळून बांधावयाची असते. ठाणे जिल्ह्यात हे काम पूर्वी एकदा घडून आले आहे. तो इतिहास आज फारसा सांगितला जात नाही, म्हणून येथे थोडा विस्ताराने देत आहोत.

राबाचा वाद

शहापूर, मुरबाड व लगतच्या भागांत भाताची रोपे तयार करण्यासाठी राब भाजण्याची चाल फार जुनी आहे. उन्हाळ्यात रोपासाठी राखलेल्या जागेवर शेण पसरावयाचे, त्यावर झाडांचे टहाळ, त्यावर पातेरा व गवत घालावयाचे, वरून मातीचा पातळ थर द्यावयाचा आणि वाऱ्याचा रोख पाहून ते भाजावयाचे. पहिल्या पावसानंतर ह्या भाजलेल्या जमिनीत बी पेरले म्हणजे रोप जोमदार येते व त्यात तण अल्प असते, असा शेतकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगलांची व्यवस्था कडक झाली, तेव्हा राबासाठी टहाळ तोडण्यावर बंधने आली. वनखात्याच्या दृष्टीने ही झाडांची नासाडी होती. शेतकऱ्यांच्या दृष्टीने राब बंद म्हणजे भात बंद. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ह्याविषयी इतका असंतोष माजला की, मुंबई सरकारास १८८५ साली एक वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास मुंबई इलाख्याच्या कृषिखात्याचे संचालक ओझॅन ह्यांनी राब भाजलेल्या व न भाजलेल्या वाफ्यांची तुलना करणारे प्रयोग सुरू केले. पुढे हिंदुस्थानातील शेतीची पाहणी करण्यासाठी आलेले रसायनशास्त्रज्ञ डॉ. व्होएल्कर ह्यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात ह्या प्रयोगांची दखल घेतली आणि शेतकऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य असल्याचे मान्य केले.

येथवरचा प्रश्न साधा होता : राब ही खुळी रूढी आहे की उपयुक्त रीत? उत्तर मिळाले, आणि ते शेतकऱ्याच्या बाजूचे होते. परंतु त्या उत्तराने जंगल वाचले नाही व शेतकऱ्याची टहाळ गोळा करण्याची यातायातही सुटली नाही.

दुसरा प्रश्न पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी जोशी आणि कानिटकर ह्यांनी हाती घेतला. (हेच मॅन पुढे पिंपळे सौदागर ह्या गावच्या पाहणीमुळे प्रसिद्धीस आले.) राब चांगला की वाईट हे त्यांनी विचारले नाही, राबाने नेमके काय घडते, हे विचारले. त्यांचा निबंध १९१२ साली प्रसिद्ध झाला. राबाचा गुण केवळ राखेच्या खतात नसून माती तापण्यातही आहे, असे त्या कामातून पुढे आले. तापलेल्या मातीत तणांचे बी मरते, माती भुसभुशीत होते आणि रोपास लागणारी अन्नद्रव्ये अधिक सुलभ होतात.

राबाने जे साधते तेच दुसऱ्या कशाने साधता येईल काय, हा तिसरा प्रश्न होय. तो मनापासून हाती घेतला जाण्यास मात्र फार काळ लागला. विसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. ना. कृ. सावंत ह्यांनी कोकणासाठी चारसूत्री भातशेतीची पद्धत मांडली. तिच्या पहिल्या सूत्रात रोपवाटिकेसाठी भाताच्या तुसाची राख वापरण्यास सांगितले आहे. ह्या राखेत सिलिका विपुल असते. तिने रोप ताठ व कणखर बनते. गिरिपुष्पाचा हिरवा पाला, १५ व २५ सेंटिमीटर आलटून पालटून अंतरावर लावणी, आणि दर चार चुडांच्या मध्यभागी २.७ ग्रॅमची युरिया-डीएपीची एक गोळी, ही त्या पद्धतीची इतर अंगे वाचकांस परिचित आहेत. हेक्टरी सुमारे ६२,५०० गोळ्या, म्हणजे जवळजवळ १७० किलो खत लागते. ते चिखलात खोल बसत असल्याने पाण्याबरोबर वाहून जात नाही, ही गोष्ट आपल्या मुसळधार पावसाच्या मुलखात विशेष महत्त्वाची होय.

राब अजूनही शहापूर व मुरबाडच्या कित्येक गावांत भाजला जातो. त्यास केवळ अज्ञान कारण आहे असे म्हणणे बरोबर होणार नाही. तुसाची राख मिळावयास जवळ भातगिरणी लागते, आणि राखेने तणाचे बी मरत नाही. तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अर्धेच मिळाले आहे, असे आमचे मत आहे.

कर्जतच्या केंद्राने कोणते प्रश्न सोडविले

कल्याणहून एक लोहमार्ग वाशिंदवरून कसाऱ्याकडे जातो व दुसरा कर्जतकडे. कर्जत येथे १९१९ साली भाताच्या पैदाशीचे केंद्र सुरू झाले. आरंभी तेथील काम निवडपद्धतीचे होते. शेतकऱ्यांच्या खाचरांतील कोलंबा, झिन्या इत्यादी जातींच्या मिश्रणातून एकेक चांगली ओंबी निवडून, तिची संतती वेगळी वाढवून शुद्ध वाण तयार करण्यात आले. कोलंबा-४२ व कोलंबा-१८४ ही नावे जुन्या शेतकऱ्यांस अद्याप आठवतात. त्या काळी प्रश्न असा होता की, असलेल्या जातींतून उत्तम कोणती. तो ह्याच मुलखातून उपजला होता, म्हणून उत्तरही ह्या मुलखास मानवले.

१९६० नंतर परिस्थिती पालटली. देशास परदेशांतून धान्य आणावे लागत होते. अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्प १९६५ साली सुरू झाला व १९६८ साली जया हा बुटका, खतास प्रतिसाद देणारा वाण प्रसारित झाला. अधिक खत घालूनही न लोळणारे भात कोणते, हा त्या वेळचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता. १९७२ साली दापोली येथे कोकण कृषि विद्यापीठ स्थापन झाल्यावर कर्जतचे केंद्र त्या विद्यापीठाकडे आले, आणि कर्जत-३, कर्जत-७ यांसारखे हळवे वाण तेथून बाहेर पडले. ठाणे जिल्ह्यातील हळव्या भाताच्या क्षेत्रास त्यांचा मोठा उपयोग झाला आहे.

तथापि उत्पादनाच्या ह्या प्रश्नाखाली काही गोष्टी दबून गेल्या. पेंढ्याचेच उदाहरण घ्या. बुटक्या भाताचा पेंढा कमी निघतो. ज्याच्या दारी बैल व म्हैस आहे, त्यास क्विंटलमागे दाणा वाढल्याचा आनंद पेंढा विकत घ्यावा लागला म्हणजे निम्मा उरतो. वाणाच्या चाचणीत दाण्याचे वजन काटेकोर नोंदविले जाते; पेंढ्याचे वजन, आणि जनावरे तो किती आवडीने खातात हे, त्याच काळजीने नोंदविले गेले पाहिजे.

लावणीचा प्रश्न

वाशिंद परिसराची आजची सर्वांत मोठी अडचण मजुरांची आहे. लोहमार्ग व महामार्ग दाराशी असल्याने कारखाने, गोदामे, वीटभट्ट्या, बांधकामे आणि मुंबई-ठाण्यातील नोकऱ्या मनुष्यबळ ओढून घेतात. ह्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. घरात मासिक पगार येणे ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु जुलैच्या पहिल्या दोन आठवड्यांत एकाच वेळी साऱ्या गावास लावणीसाठी माणसे हवी असतात व ती मिळत नाहीत. मग लावणी लांबते, रोप दाढीतच जून होते, फुटवे कमी येतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी खाचर ओस पडते, बांध फुटतात, आणि त्यानंतर जमिनीस गिऱ्हाईक शोधले जाते.

ह्यावर लावणीचे यंत्र हे उत्तर सुचविले जाते. मोठ्या, सपाट खाचरांत ते चालतेही. परंतु डोंगरउताराच्या दोन-चार गुंठ्यांच्या पायरीवजा खाचरांत, उंच बांधांवरून, ते नेणे कठीण. यंत्रासाठी चटईवर वाढविलेली रोपे लागतात, ते काम निराळेच.

येथे राबाचा धडा लागू करावासा वाटतो. लावणी कशी करावी, ह्याच्या आधी लावणीने काय साधते हे विचारले पाहिजे. लावणीने मुख्यतः दोन गोष्टी साधतात. एक, रोप तणापेक्षा तीन-चार आठवड्यांनी मोठे असते, त्यामुळे त्यास स्पर्धा कमी होते. दोन, रोप उंच असल्यामुळे खाचरात लगेच पाणी ठेवता येते व पाण्याखाली तण उगवत नाही. तर मग ह्या दोन गोष्टी लावणीवाचून साधता येतील काय?

नेरळचे श्री. चंद्रशेखर भडसावळे ह्यांनी विकसित केलेले सगुणा राइस तंत्र हे ह्या प्रश्नास शेतकऱ्याने दिलेले उत्तर आहे. कायम गादीवाफे, आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच राखणे, नांगरणी, चिखलणी व लावणी न करता टोकण, असे त्याचे स्वरूप आहे. श्रमाची बचत त्यात उघड आहे. तणांचा बंदोबस्त मात्र बव्हंशी तणनाशकावर सोपविलेला असतो. हे तंत्र वर्षानुवर्षे चालविले असता वरकस, मध्यम व सखल अशा निरनिराळ्या जमिनींत तणांचे प्रकार कसे बदलतात आणि गांडुळे व पाणी ह्यांवर काय परिणाम होतो, ह्याचे दीर्घ मुदतीचे निरीक्षण संशोधन केंद्रांनी हाती घेण्याजोगे आहे.

दुसरे उत्तर वनस्पतीच्या अंगातच शोधावे लागेल, आणि आमच्या मते वाशिंद-मुरबाड भागासाठी हाच पहिल्या क्रमांकाचा प्रश्न होय. धूळवाफेवर पेरलेल्या भातावर जूनमध्ये एकदम मोठा पाऊस झाला आणि पाणी तुंबले की बी कुजते. बहुतेक भाते पाण्याखाली नीट उगवत नाहीत. परंतु ब्रह्मदेशातील खाओ लान ऑन नावाच्या एका स्थानिक भातात पाण्याखालीही उगवून वर येण्याचा गुण आढळला, व त्यामागील एक जनुक २०१५ साली ओळखण्यात आला. असा गुण हळव्या भातात आला, तर बी टोकून वर पाणी ठेवता येईल. तणही दबेल, पावसाचा दणकाही सोसेल.

हा गुण आपल्या जुन्या जातींत आहे काय, हे पाहण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पाटीत माती भरून बी दोन सेंटिमीटर खोल पेरावे, वर दहा सेंटिमीटर पाणी ठेवावे आणि तीन आठवड्यांनी वर आलेली रोपे मोजावी. शेजारी त्याच बियाची ओलसर मातीतील दुसरी पाटी तुलनेसाठी असावी. तालुक्यातील एखाद्या विद्यालयासही हे काम करता येईल. ज्या जातीची रोपे निम्म्याहून अधिक वर येतील, तिचे बी कर्जतच्या केंद्रास आनंदाने हवे असेल.

स्थानिक बियात दडलेल्या गुणाचे मोल किती मोठे असू शकते, ह्याचे उदाहरण ओडिशात आहे. तेथील शेतकऱ्यांच्या भातातून निवडलेला एफआर-१३ए हा वाण सुमारे दोन आठवडे पूर्ण बुडूनही तग धरतो. दाणा सामान्य म्हणून तो मोठ्या प्रमाणावर कोणी लावीत नव्हते. त्यातील बुडीत सोसणारा जनुक २००६ साली ओळखण्यात आला, तो स्वर्णा ह्या लोकप्रिय वाणात उतरविण्यात आला, आणि २००९ साली स्वर्णा-सब१ भारतात प्रसारित झाला. मधल्या काळात ते सामान्य भात कोणी जपून ठेवले नसते तर शास्त्रज्ञांपाशी शोधावयास काहीच उरले नसते. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होण्यापूर्वी आपल्याच जिल्ह्यात असलेल्या वाड्याच्या कोलमास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु मानांकन सुवासिक व बारीक भातास मिळते. वरकसावरचे जाड, तांबडे भात कोणत्याही मानांकनावाचून नाहीसे होते. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पास मान्यता दिली. त्यात अशा उपेक्षित भातांस जागा मिळावी.

परतीचा पाऊस व इतर गोष्टी

हळवे भात पावसाळा संपण्याच्या बेतात तयार होते, आणि अलीकडे परतीचा पाऊस त्याच वेळी गाठतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोकणातील कापणीस आलेले भात ह्याच कारणाने हातचे गेले. आडव्या झालेल्या ओंब्यांतच दाण्यास मोड फुटतात. दाणा पिकल्यावर दोन-तीन आठवडे तो उगवूच नये, असा सुप्तावस्थेचा गुण काही भातांत असतो. हळव्या वाणांत तो आणणे हे पैदासकारास शक्य कोटीतील काम आहे. कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणारा शेतकरी मात्र नेमके उलट सांगेल. त्यास खरिपाचे बी तत्काळ उगवावयास हवे. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणून एकच वाण सर्वांस, हा हट्ट येथे सोडावा लागेल.

भातानंतर जमिनीतील ओलीवर घ्यावयाचा वाल हा शहापूर-मुरबाडचा खरा दुसरा पैसा. भात निघण्यास आठ दिवस उशीर झाला की ओल उडते आणि वाल फसतो. तेव्हा वालाचा प्रश्न अर्धा भाताच्या कालावधीचाच आहे. नाचणी व वरी ह्यांच्या बाबतीत उत्पादनापेक्षा मळणीच्या व सडण्याच्या कष्टांचा, म्हणजे मुख्यतः स्त्रियांच्या कष्टांचा, प्रश्न मोठा आहे. एकाच वेळी पिकणारी कणसे आणि सहज सुटणारे टरफल हे गुण पैदाशीच्या उद्दिष्टांत लिहिले गेले पाहिजेत.

वेळेचा हिशेब

भाताचा संकर केल्यापासून वाण शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत साधारणतः आठ-दहा वर्षे जातात. आज विचारलेल्या प्रश्नाचे बी म्हणजे दहा वर्षांनंतरचे बी होय. तेव्हा मजूर आजच्याहून कमी असतील, पाऊस आजच्याइतका किंवा अधिक लहरी असेल, असे धरूनच प्रश्न निवडावे लागतील.

जनुक-संपादनाने हा काळ काहीसा घटेल. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने ४ मे २०२५ रोजी अशा पद्धतीने तयार केलेले भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांपैकी 'कमला' हा सांबा मसुरीपासून व 'पुसा डीएसटी राइस १' हा एमटीयू-१०१० पासून केलेला आहे. 'कमला' मूळ वाणाहून सुमारे वीस दिवस आधी तयार होतो, असे परिषदेने सांगितले आहे. आपल्या दृष्टीने पाहण्याची गोष्ट ही की, संपादनासाठी कोणता वाण निवडावा ह्यातच अग्रक्रम ठरून जातो. ही दोन्ही मूळ भाते आंध्रातील आहेत. कर्जतच्या एखाद्या हळव्या वाणावर हे काम व्हावे अशी मागणी कोकणातून झाली पाहिजे; आणि वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायदा, २००१ ह्याने घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा व देण्याघेण्याचा जो हक्क शेतकऱ्यास दिला आहे, तो नव्या बियासही अबाधित राहील काय, हे आरंभीच विचारून ठेवले पाहिजे.

प्रश्न कोठे व कसा मांडावा

१९७९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषि संशोधन प्रकल्पात राज्याचे हवामान व जमिनीनुसार नऊ विभाग पाडण्यात आले. ठाणे, पालघर व रायगड हे जिल्हे उत्तर कोकण विभागात मोडतात व कर्जत हे त्यांचे विभागीय संशोधन केंद्र आहे. विभागीय संशोधन व विस्तार सल्लागार समितीच्या बैठकांत कृषि विभागाचे अधिकारी क्षेत्रातील अडचणी शास्त्रज्ञांपुढे ठेवतात. चारही कृषि विद्यापीठांच्या संयुक्त समितीत दरवर्षी शिफारशींस मान्यता दिली जाते. म्हणजे वाट आहे. परंतु तीवरून पुष्कळदा 'भातावर रोग पडतो', 'उत्पन्न कमी येते' एवढीच वाक्ये वर जातात, आणि त्यांवरून कोणासही प्रयोग आखता येत नाही.

उलट अशी नोंद पाहा : 'वरकसालगतचे उथळ खाचर, हळवे भात, ७ जुलैस लावणी. पाऊस नऊ दिवस उघडल्यावर पाने शेंड्याकडून वाळली. त्याच दिवशी लावलेल्या सखल खाचरात तसे झाले नाही. शेजारच्या जुन्या तांबड्या भातातही झाले नाही.' ह्या चार ओळींत जमीन, वाण, तारीख, पाऊस आणि तुलना, सर्व आले. शेवटचे वाक्य तर सर्वांत मोलाचे, कारण ते वाळणे न येणारे भात कोठे आहे हे सांगते.

शेतकरी बंधुभगिनींनी अशा नोंदी आपल्या गावच्या कृषि कर्मचाऱ्यामार्फत, अथवा शहापूर किंवा मुरबाड येथील तालुका कृषि अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी द्याव्या व पोच घ्यावी. जुन्या जातीचे बी असल्यास मूठभर बी कागदी पाकिटात, जातीचे स्थानिक नाव व खाचराचा प्रकार लिहून सोबत जोडावे. समितीची एक बैठक खरिपापूर्वी होत असल्यामुळे ह्या नोंदी होळीच्या सुमारास पोहोचाव्या. राब भाजण्याच्या दिवसांत दिलेली नोंद त्या वर्षीच्या प्रयोगात येणे कठीण असते.